शिरूर-दौंडकडील शेतकऱ्याचे रोजचे जेवण व पोटाची प्रकृती

जमिनीची नांगरट केव्हा करावी, बियाणे कोणते निवडावे, कोणत्या पिकास पाण्याच्या किती पाळ्या द्याव्या, ह्या गोष्टी आमच्या वाचकांस सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्या विषयात वाचकच आमचे गुरू होत. परंतु जो मनुष्य आपल्या शेतातील मातीचा नमुना पिशवीत भरून तपासणीस पाठवितो, तोच मनुष्य आपल्या पोटात रोज काय जाते, कोणत्या वेळी जाते व त्याचे पुढे काय होते, ह्याचा विचार क्वचितच करितो. घशाशी आंबट येऊ लागले, जेवणानंतर पोट तट्ट फुगू लागले, दोन-दोन दिवस कोठा साफ होईनासा झाला, म्हणजे तो बाजाराच्या दिवशी औषधांच्या दुकानातून एक पाकीट आणतो व काम भागवितो. असे भागविणे शेवटी किती महाग पडते हे दाखवावे, आणि घरच्या घरी, फारसा खर्च न करिता, काय करता येईल हे सांगावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाचे तालुके पर्जन्यछायेत पडतात. वर्षाचा पाऊस वीस इंचांच्या आसपास, आणि तोही लहरी. सबब येथील जिराईत शेतकऱ्याने खरिपात बाजरी, मटकी, हुलगा व रब्बीत ज्वारी, हरभरा, करडई अशी पिके घेतली, व जे पिकले तेच खाल्ले. बाजरीची अथवा ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे किंवा शेंगोळे, बांधावरची पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि दुभते असल्यास ताक, एवढे त्याचे ताट असे. आम्ही महसूल खात्याच्या कचेरीत लेखणी चालविण्यात उमर घालविली. पीकपाहणीच्या रकान्यात हीच नावे एकाखाली एक लिहिली जात. पुढे कालव्यांचे पाणी फिरले. दौंडकडे खडकवासल्याचा मुठा कालवा आणि शिरूरकडे घोड व चासकमान येथील धरणांचे कालवे, असे पाणी जसजसे पोचले, तसतसे त्या रकान्यात उसाचे नाव वाढत गेले. पाटसला भीमा व न्हावऱ्यास घोडगंगा असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती झाल्या. घरात रोख पैसा खेळू लागला.

हे सर्व इष्टच झाले. १९७२ च्या दुष्काळात कामावर जाऊन सुकडी व परदेशातून आलेली तांबडी ज्वारी खाल्लेली माणसे अजून गावोगावी आहेत. ते दिवस परत यावेत असे कोणीही म्हणणार नाही. मात्र पाणी व पैसा ह्यांबरोबर रोजच्या खाण्यात जे फेरफार झाले, त्यांतील कित्येक आपण विचारपूर्वक केलेच नाहीत. ते आपोआप होत गेले. सकाळच्या न्याहारीच्या जागी चहा व बिस्किटे आली. दुपारच्या जेवणाच्या जागी पुष्कळदा चौफुल्यावरचा वडापाव अथवा फरसाणाची पुडी आली. रात्रीचे जेवण दिवेलागणीवरून दहा-साडेदहावर गेले. बैल जाऊन ट्रॅक्टर आला, अंगमेहनत घटली, आणि ताटातील वाढप मात्र पूर्वीइतकेच राहिले.

आता पोट बिघडले म्हणजे दोष कोणास दिला जातो? बहुधा भाकरीस व तिखटास. “भाकरी जड पडते, म्हणून आम्ही पोळीवर आलो,” असे पुष्कळ घरी ऐकू येते. ह्या समजुतीची पारख करण्यास दूर जाण्याचे कारण नाही. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरहून यवतेस मुक्कामास येते, तेव्हा वारकऱ्यांस पिठले-भाकरीचे जेवण देण्याची तेथील ग्रामस्थांची रीत प्रसिद्ध आहे. हजारो माणसे, त्यांत साठी-सत्तरी उलटलेली कित्येक, ती भाकरी खाऊन झोपतात व दुसऱ्या दिवशी वरवंडची वाट चालतात. भाकरी जर जातीनेच जड असती, तर तो मुक्काम पालखीस सोडावा लागला असता. दिवसभर चाललेल्या माणसास ती पचते आणि दिवसभर बसलेल्यास पचत नाही, ह्याचा अर्थ उघड आहे. दोष भाकरीचा नसून बसण्याचा, वेळेचा व घाईघाईने गिळण्याचा आहे.

तसेच गव्हावरही राग धरण्याचे कारण नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली अन्नघटकांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांप्रमाणे शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे साडेअकरा ग्रॅम, ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम आणि सबंध गव्हाच्या कणकेत सुमारे साडेअकरा ग्रॅम चोथा, म्हणजे तंतुमय भाग असतो. मैद्यात व सडलेल्या पांढऱ्या तांदळात तो तीन ग्रॅमही भरत नाही. म्हणजे खरा भेद बाजरी व गहू ह्यांत नसून चाळणीत आहे. मऊ, पांढऱ्या पोळीच्या हौसेने बारीक चाळणीने कणीक चाळून कोंडा गुरांच्या अंबोणात टाकावा, आणि मग शौचास होत नाही म्हणून चूर्णाचे डबे विकत आणावे, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. गुरांस जो कोंडा मानवतो, तो धन्यास का मानवू नये?

ह्या चोथ्याचे काम काय, हे शेतकऱ्यास समजावून देणे सोपे आहे. तो आपल्या आतड्यांतील रसांनी पचत नाही, तसाच पुढे मोठ्या आतड्यात जातो. तेथे कोट्यवधी सूक्ष्म जंतू वस्ती करून असतात, व त्यांतील बहुतेक उपकारक असतात. चोथा हे त्यांचे खाद्य होय. त्यावर ते जगतात आणि त्यापासून आतड्याच्या अस्तरास पोषक अशी आम्ले तयार करितात. जमिनीत शेणखत, पालापाचोळा न घालता नुसते रासायनिक खत दिले, तर माती काही वर्षांत कशी घट्ट व निर्जीव होते, हे वाचकांस ठाऊक आहे. नुसत्या मैद्या-साखरेवर पोसलेल्या आतड्याचे तसेच होते. शिवाय चोथा पाणी धरून ठेवितो, त्यामुळे मळ मऊ राहतो व पुढे सरकतो. डेनिस बर्किट नावाच्या शल्यवैद्याने पुष्कळ वर्षे आफ्रिकेतील युगांडा देशात काम केले. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली असे दाखविले की, भरड अन्न खाणाऱ्या तेथील खेडुतांच्या पोटातून अन्नाचा शेष सुमारे दीड दिवसात बाहेर पडतो, तर मऊ व चाळलेले अन्न खाणाऱ्या इंग्रज लोकांस त्याच कामास तीन दिवस लागतात.

येथे एक इशारा देणे जरूर आहे. ज्यास वर्षानुवर्षे मऊ खाण्याची सवय आहे, त्याने एकदम दोन्ही वेळ बाजरी सुरू करू नये. कोरड्या पडलेल्या रानास एकदम फार पाणी दिले तर ते मुरत नाही, वाहून जाते. तसे पोट फुगेल, व मग दोष पुन्हा भाकरीस लागेल. प्रथम एक वेळ, पंधरा दिवसांनी दोन वेळ, असे चढवीत न्यावे, व त्याबरोबर पाणीही वाढवावे. भरड अन्न खाऊन पाणी न पिणाऱ्यास मलावरोध उलट वाढतो. उन्हाळ्यात बाजरी उष्ण पडते असे मानणाऱ्यांनी त्या दिवसांत ज्वारी खावी. शरीरास त्याने तोटा काहीच नाही.

बाजरीविषयी आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. ह्या धान्यात स्निग्धांश इतर धान्यांहून अधिक, शेकडा पाचांच्या वर असतो. त्यामुळे दळलेले पीठ लवकर खवट होते, विरी जाते, भाकरी थापताना तुटते व कडवट लागते. एकदम महिन्याचे दळण आणू नये. आठ-दहा दिवसांपुरतेच दळावे. दुसरी गोष्ट अरगट रोगाची. फुलोऱ्याच्या वेळी झड लागली म्हणजे कणसावर चिकटा येतो व पुढे दाण्यांच्या जागी काळपट गाठी धरतात. असे धान्य खाण्यात आल्यास मळमळ, वांत्या व भोवळ येते. बियाण्यासाठी जो उपाय आपण करितो, तोच येथे चालतो. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात धान्य ओतावे, वर तरंगणाऱ्या गाठी व पोचट दाणे काढून टाकावे, आणि खालचे धान्य साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन वाळवावे. मात्र औषध चोळलेले उरलेले बियाणे कितीही धुतले तरी खाण्यास घेऊ नये. त्याचप्रमाणे बुरशी आलेले शेंगदाणे चटणीत दडपू नयेत. त्या बुरशीचे विष भाजल्याने पुरते नाहीसे होत नाही, व ते यकृतास घातक आहे.

भाकरीबरोबर काय असावे? शेतात जसा बेवड पाहतात, उसावर ऊस न घेता मध्ये हरभरा किंवा ताग घेतात, तसा ताटातही फेरपालट हवा. मटकी, हुलगा, हरभरा, चवळी ही कडधान्ये आलटून-पालटून घ्यावी. ती रात्रभर भिजवून मोड आणल्यास पचावयास हलकी होतात, व त्यांतील लोह शरीरास अधिक लागू पडते. बांधावरचा तांदुळजा, घोळ, पाथरी, चाकवत, हरभऱ्याचा कोवळा पाला, दारचा शेवगा, ह्यांस पैसा पडत नाही. मात्र फवारलेल्या पिकातील पाला खुडू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे फळे व भाज्या मिळून दिवसास निदान चारशे ग्रॅम पोटात जावीत आणि मीठ पाच ग्रॅमांच्या आत असावे. आपल्याकडे ह्याच्या उलट होते. भाजी बोटभर आणि लोणचे, पापड, फरसाण ह्यांतून मीठ मूठभर! ताक हे तर आपल्याकडील जुने व उत्तम पेय आहे. दुधाने ज्यांचे पोट गुरगुरते, त्यांसही ते बहुधा सोसते, कारण विरजणातील जंतूंनी दुधातील साखरेचा काही भाग आधीच पचविलेला असतो. डेअरीस सगळे दूध घालून घरी ताकासही न ठेवणे, हा हिशेब जमाखर्चात नफ्याचा दिसला तरी घराच्या प्रकृतीस तोट्याचा आहे. चहा वर्ज्य करा असे आम्ही म्हणत नाही. मात्र जेवणास लागून घेतलेला चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही, सबब दोहोंमध्ये तासाभराचे अंतर ठेवावे. आणि ज्या गावात गुऱ्हाळ आहे तेथे “गूळ काय, कितीही खावा” असा समज आढळतो. गूळ ही शेवटी साखरच होय. तिचे माप राखलेच पाहिजे.

ह्या ठिकाणी घरातील स्त्रियांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी १९९३ साली पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांच्या आहाराचा दीर्घ अभ्यास हाती घेतला. त्यात असे आढळले की, ज्या स्त्रियांच्या जेवणात दूध, फळे व हिरव्या पालेभाज्या अधिक वेळा होत्या, त्यांची बालके जन्मतः अधिक वजनाची निपजली. निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात बी-१२ ह्या जीवनसत्त्वाची उणीवही दिसली. हे जीवनसत्त्व वनस्पतीत नसते. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मांस ह्यांतूनच मिळते. आता आपल्या घरची रीत पाहा. पुरुष जेवले, मुले जेवली, मग बाया बसतात. तोवर भाजीचे पातेले खरवडलेले असते व ताकाचे भांडे पालथे पडलेले असते. जी बाई दिवसभर खुरपते, धारा काढते व सर्वांस रांधून घालते, तिच्या ताटात उरलेसुरले यावे, ही गोष्ट धर्माची नाही आणि हिशेबाचीही नाही. सर्वांची ताटे एकदम वाढावीत, म्हणजे हा अन्याय न भांडता मिटेल.

आता वेळेकडे वळू. जेवण जठरातून पुढे सरकण्यास साधारणपणे तीन-चार तास लागतात. भरल्या पोटी आडवे झाले म्हणजे जठरातील आम्ल घशाकडे येते. ह्यासाठी रात्रीचे जेवण व निद्रा ह्यांत निदान दोन-तीन तास असावेत. हे शहाणपण कागदावर सोपे आहे, परंतु शेतीपंपाची वीज अनेक ठिकाणी आळीपाळीने दिवसा व रात्री मिळते, व रात्रीच्या पाळीत शेतकऱ्यास काळोखात दारे धरावयास जावे लागते. शिरूर तालुक्यात तर उसात बिबट्याचे भय निराळेच. २०१७ साली सुरू झालेल्या सौर कृषी वाहिनी योजनेमुळे ज्या गावांस दिवसा वीज मिळू लागली, तेथे हा त्रास कमी झाला. इतरांनी पुढील क्रम ठेवून पाहावा. आठाच्या आत नेहमीपेक्षा थोडे कमी, असे जेवावे. मळ्यावर जाताना चहाच्या थर्मासऐवजी पाणी व मूठभर फुटाणे न्यावेत. पहाटे परतल्यावर भरपेट जेवून लगेच अंथरुणावर पडू नये. वाटीभर आंबील अथवा ताकात कुस्करलेली चतकोर भाकरी घ्यावी, थोडे बसावे व मग निजावे. उठल्यावर नेहमीची न्याहारी करावी. आणि फवारणीचे काम केले असल्यास साबणाने हात, तोंड धुतल्यावाचून व कपडे बदलल्यावाचून भाकरीस हात लावू नये.

शेवटी त्या औषधाच्या पाकिटाविषयी. अंग दुखते म्हणून उपाशीपोटी वेदनाशामक गोळी, तिने जळजळ होते म्हणून पित्ताची गोळी, आणि वर तंबाखूची चिमूट, हा क्रम पुष्कळांचा रोजचा होऊन बसला आहे. वेदनाशामक गोळ्यांनी जठरास व्रण पडतात. पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यास वर सांगितलेले बी-१२ अन्नातून सुटे होत नाही, कारण त्यासही जठरातील आम्ल लागते. जठराचे व्रण केवळ तिखटाने होतात ही समजूतही आता टिकलेली नाही. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन ह्यांनी १९८२ साली दाखविले की, पुष्कळशा व्रणांच्या मुळाशी एक जंतू असतो. ह्या शोधाबद्दल त्यांस २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या जंतूवर औषध आहे, व नेमक्या तपासणीनंतर ठरावीक दिवस ते घेतल्याने रोग मुळापासून जातो. तेव्हा तिखट सोडून व गोळ्या गिळून वर्षे काढण्यापेक्षा एकदा नीट तपासून घेणे स्वस्त पडते. शौचास डांबरासारखे काळे होणे, वांतीत रक्त येणे, घास गिळताना अडकणे, कारण नसता वजन उतरणे, ह्यांपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती उपायांवर एक दिवसही न घालविता रुग्णालय गाठावे. तसेच वैद्याने लिहून दिलेली गोळी हा लेख वाचून कोणी परस्पर बंद करू नये.

गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली म्हणजे सरकार दखल घेते. पुष्कळ माणसे पोटाच्या बाबतीत तेच धोरण ठेवितात, पीक पुरते बुडाल्यावर पाहणी करितात. त्यापेक्षा वेळीच पाहणी करावी. एक शाळकरी वही घ्यावी व तीत चार रकाने आखावे. खाण्याची वेळ, काय खाल्ले, पाणी व ताक किती घेतले, आणि पोटाची तक्रार व शौचाची हकीकत. पंधरा दिवस खाडाखोड न करिता रोज लिहावे. जळजळ कोणत्या दिवशी झाली व त्याच्या आदल्या रात्री कोणत्या वेळी जेवण झाले, हे दोन रकाने समोरासमोर आले म्हणजे पुष्कळशा दुखण्यांचे मूळ कारण वाचकांस स्वतःच सापडेल, व न सापडल्यास तीच वही वैद्यासही उपयोगी पडेल. त्यानंतर एक महिना चाळणीस विश्रांती द्यावी, रोजचे ताक घरी राखावे, जेवणाच्या वेळा पाळाव्या आणि घरातील सर्वांची ताटे एकदम वाढावी. ह्यात दमडीचा खर्च नाही. वाचकांपैकी जे असे करून पाहतील, त्यांनी आपला अनुभव ह्या मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावा.